बोल्डर, कोलोराडोला बदली : थंडी, घरभाडं आणि माझा पाचपाखाडीतला दवाखाना

दाढदुखी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसतीच वाचत आलेय, धागा पहिल्यांदा काढतेय. सांभाळून घ्या.

नवऱ्याची कंपनी त्याला अमेरिकेत कोलोराडोमधल्या बोल्डर गावी पाठवायचं म्हणतेय. एल-१ व्हिसा (कंपनीच्याच तिकडच्या कचेरीत बदली होते त्यांचा), पगार वर्षाला एक लाख वीस हजार डॉलर. होय-नाही महिनाअखेर कळवायचंय. गाव रॉकी पर्वताच्या ऐन पायथ्याशी, मोठं विद्यापीठ, फोटो बघून कुणीही भुलेल. पण ज्याला विचारावं तो सांगतो की तिथे राहणं परवडत नाही, आणि बर्फ मे महिन्यापर्यंत पिच्छा सोडत नाही.

आम्ही ठाण्याचे. राहायला घोडबंदर रोडला कासारवडवलीत, माझा दातांचा दवाखाना पाचपाखाडीत, सासू-सासरे नौपाड्याच्या जुन्या घरात. लेक सातवीत आहे, तबला शिकते. सासूबाईंना दमा आहे.

या पगारात तिघांचं नीट भागेल का? थंडी नक्की कसली असते? मला तिथे काम करता येईल का? आणि सासू-सासऱ्यांना काही महिने नेता येईल का? "संधी सोडू नका" एवढंच लिहिणार असाल तर तसदी घेऊ नका, ते नवऱ्याचं रोज सांगून होतंय.

तलावपाळी
वाचतोय. बाकी काही करा, पण कुणाचं रूट कॅनाल अर्धवट ठेवून जाऊ नका. या संस्थळावरचाच कुणीतरी निघायचा. (दिवे घ्या, म्हणजे गंमत हो.)

कासारवडवलीचा_कैदी
ताई, पत्ता वाचूनच डोळे पाणावले. मेट्रोचे खांब, सेवा रस्त्याची खोदाई आणि गायमुखचा घाट हे सगळं मागे सोडायला मिळतंय आणि तुम्ही विचार करताय? उणे वीसमध्येसुद्धा गाडी वीसच्या वेगाने पुढे सरकत असेल तर मी जाईन.

कळव्याचा_कोलोराडोत
मूळचा कळव्याचा, सध्या मुक्काम लुईव्हिल. बोल्डरपासून गाडीने पंधरा-वीस मिनिटं. त्यामुळे हक्काने लिहितो.

आधी थंडी, कारण लोक उगाच घाबरवतात. जानेवारीत दुपारी सात-आठ अंश, रात्री उणे पाच-सहा, हे नेहमीचं. हवा कोरडी आणि ऊन लख्ख, त्यामुळे उणे दोनमध्ये उन्हात उभं राहिलात तर सोसतं. बर्फ पडतो तो धो धो पडतो, पण दोन-तीन दिवसांत रस्त्यावरून नाहीसाही होतो. शिकागोसारखा राखाडी ढिगारा मार्चपर्यंत दारात बसून राहत नाही. मात्र अधूनमधून उत्तरेकडून थंडीची लाट येते तेव्हा चेष्टा नसते. डिसेंबर २०२२ मध्ये डेन्व्हरला पारा उणे ३१ सेल्सियसला गेला होता. तशा दिवशी पाण्याचे नळ बारीक सुरू ठेवायचे आणि घरात बसायचं.

खरा त्रास थंडीपेक्षा कोरडेपणाचा. पहिल्या हिवाळ्यात लेकीच्या नाकातून रक्त येईल, घाबरू नका. ओठ, टाचा, हाताची बोटं सगळं फुटतं. दाराच्या मुठीला हात लावला की विजेचा बारीक चटका बसतो. रात्री खोलीत हवेला ओल देणारं यंत्र लावून झोपतो आम्ही. तबल्याचं म्हणाल तर पुडी ताणली जाऊन सूर वर चढतो आणि ठोकून ठोकून उतरवला तरी सकाळी पुन्हा चढलेला. माझ्या मुलाच्या डग्ग्याची शाई पहिल्याच वर्षी तडकली. आता तबला कपाटात, शेजारी ओल्या स्पंजची डबी. येताना जास्तीची पुडी घेऊन या.

दुसरा भाग वारा. डोंगरावरून खाली येणारा चिनूक नावाचा कोरडा वारा हिवाळ्यात ताशी १५० किलोमीटरच्याही वर जातो कधी कधी. घर हलतं, अक्षरशः. ३० डिसेंबर २०२१ ला अशाच वाऱ्यात गवताला आग लागली आणि काही तासांत आमच्या लुईव्हिलमधली आणि शेजारच्या सुपीरियरमधली हजाराहून जास्त घरं गेली. दुसऱ्या दिवशी त्याच राखेवर बर्फ पडला. तेव्हापासून इथल्या घरांचे विमे महागलेत. भाड्याने राहणार असाल तरी सामानाचा विमा काढा.

खर्चाचं जेवण झाल्यावर लिहितो.

झणझणीत
"खर्चाचं जेवण झाल्यावर" असं मी वाचलं आणि मनात म्हटलं, बोल्डरला जेवणाचाही खर्च वेगळा लिहावा लागतो वाटतं.

पायवाट
ट्रेकरांसाठी एक गंमत. बोल्डरची उंची साधारण १६५५ मीटर. आपलं कळसूबाई १६४६. म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच शिखराच्याही थोडं वर तिथली भाजीमंडई भरते. आणि गाव पायथ्याशी! मागचे डोंगर अडीच हजारापर्यंत जातात, त्यामागे चार हजारी शिखरं.

दाढदुखी, डाळ शिजणार नाही हे लक्षात ठेवा. एवढ्या उंचीवर पाणी ९४-९५ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात राजमा-छोले घातलेत तर संध्याकाळ होते. कुकर लागेलच, आणि त्यातही ठाण्याच्या हिशेबापेक्षा एक-दोन शिट्ट्या जास्त.

दाढदुखी
@कळव्याचा_कोलोराडोत, मनापासून आभार. तबल्याचं वाचून लेकीने पहिल्यांदा या प्रकरणात लक्ष घातलं. आत्तापर्यंत तिचा एकच प्रश्न होता, तिथे बिबटे आहेत का. आम्ही येऊरच्या बाजूला राहतो, त्यामुळे तिला त्यात भीतीपेक्षा अभिमान जास्त.

कळव्याचा_कोलोराडोत
बिबटे नाहीत, पण प्यूमा (बिबट्याएवढंच तिथलं रानमांजर) आहे आणि अस्वलं आहेत. बोल्डरच्या पश्चिमेच्या गल्ल्यांत अस्वलाला उघडता येणार नाहीत असे कचऱ्याचे डबे ठेवणं सक्तीचं आहे. लेकीला सांगा, अभिमान कायम राहील.

आता खर्च. बोल्डर गावात दोन बेडरूमच्या बऱ्या फ्लॅटचं भाडं अडीच ते तीन हजार डॉलर धरा. स्वतंत्र घर विकत घ्यायचं तर दहा लाख डॉलरच्या आसपास, ते विसराच. विद्यापीठामुळे भाडेकरार ऑगस्टमध्ये सुरू होतात आणि ऑगस्टमध्येच संपतात. त्या महिन्यात रस्त्याकडेला सोफे आणि गाद्यांचे डोंगर दिसतात आणि घरासाठी मारामारी असते. त्यातून २०२७ पासून सनडान्स चित्रपट महोत्सव बोल्डरला येतोय, तेव्हा जानेवारीतली खोलीसुद्धा हाताला लागायची नाही.

म्हणून आमच्यासारखे लोक लुईव्हिल, लाफायेट, सुपीरियर, लाँगमाँट इथे राहतात. पैकी पहिल्या तीन गावांतल्या बहुतेक मुलांना शाळा बोल्डरच्याच शाळा-जिल्ह्याची मिळते. शाळा सरकारी आणि फुकट. पत्ता बोल्डरचा हवा हा हट्ट सोडलात तर महिन्याला तीन-चारशे डॉलर वाचतात आणि मुलीचं काही बिघडत नाही.

हिशेबनीस
वाशीत बसून लोकांचे रिटर्न भरतो, तेव्हा आकड्यांचं मी बघतो.

एक लाख वीस हजारातून केंद्राचा आयकर साधारण दहा हजार जाईल. राज्याचा कर सरसकट सव्वाचार-साडेचार टक्क्यांच्या मधे, म्हणजे चारएक हजार. सोशल सिक्युरिटी (तिथली सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणचा आरोग्यविमा) मिळून ७.६५ टक्के, म्हणजे नऊ हजारांच्या वर. वर आरोग्यविम्याचा तुमचा वाटा. हातात महिन्याला साडेसात हजार डॉलर पडतील. त्यातून घर, एक गाडी, तिचा विमा, किराणा, फोन, इंटरनेट, वीज-गॅस जाऊन हजार-बाराशे मागे पडले तर नशीब. दुसरी गाडी घेतली की तेही नाहीत. आरोग्यविमा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, वर्षाचे पहिले काही हजार डॉलर स्वतःच्या खिशातून जातात, मग विमा जागा होतो.

आता जे कुणी सांगत नाही ते. सोशल सिक्युरिटीची कपात आपल्या लोकांना फार लागते. भारत-अमेरिका यांच्यात याबाबत करार नाही. दहा वर्षांची पात्रता पूर्ण झाली नाही तर त्या पैशावर पेन्शन नाही, आणि परत मागायची सोयही नाही. एल-१ची कमाल मुदत प्रकाराप्रमाणे पाच किंवा सात वर्षं. बघा जुळतंय का गणित.

यजमानांना विचारा, एल-१ए आहे की एल-१बी. सगळी पुढची गोष्ट त्या एका अक्षरावर आहे. व्यवस्थापक म्हणून ए मिळाला तर ग्रीन कार्डाला त्यातल्या त्यात जवळची वाट असते. खास कौशल्यवाल्यांचा बी असेल तर भारतीयांच्या रांगेत दहा-बारा वर्षं कशीही जातात. आणि एल-१वर नोकरी बदलता येत नाही. कंपनीने नारळ दिला तर ६० दिवस मिळतात.

कोपरीचा_काका
म्हणजे इथे स्वतःचा दवाखाना, स्वतःचा फ्लॅट, दोन कमावते. तिथे एक कमावता, भाड्याचं घर, आणि मागे हजार डॉलर. हिशेबनीसांनी धागा संपवला की.

चहा_कमी_साखर
काका, पैशांपलीकडे काही असतं की नाही? मोकळी हवा, मुलीची शाळा, जग बघणं. कोपरीच्या पुलावर अडकून माणूस शहाणा होतो असं कुठे सिद्ध झालेलं नाही.

कोपरीचा_काका
मोकळी हवा मीही खाल्ली आहे, माथेरानला. रविवारी परत आलो.

नेरूळची_निमा
मी धाग्यातल्या तिसऱ्या प्रश्नावर बोलते, कारण सगळे त्याच्या बाजूने वळसा घालून चाललेत.

एल-२ वर, म्हणजे एल-१वाल्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर, पती किंवा पत्नीला काम करायची मुभा आहे. नोव्हेंबर २०२१ पासून त्यासाठी वेगळं परवानापत्रही काढावं लागत नाही. एच-४ वाल्या (एच-१बी या दुसऱ्या नोकरी-व्हिसावर गेलेल्यांच्या) बायकांनी कामाच्या मुभेपायी जे भोगलं त्या मानाने हे फारच बरं. पण डॉक्टर, मुभा मिळाली म्हणजे दाताला हात लावता येईल असं नाही. तिथे राज्याचं लायसन्स लागतं आणि त्यासाठी तिथल्या मान्यताप्राप्त कॉलेजची पदवी. आपल्या बीडीएसला सरळ कुणी विचारत नाही. परदेशी दंतवैद्यांसाठी दोन वर्षांचे कोर्स असतात, डेन्व्हरला लागून ऑरोरात कोलोराडो विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयात तसा एक आहे. आधी परीक्षा द्यायची, मग अर्ज, मग मुलाखत, मोजक्या जागा. फी एक लाख डॉलरच्या वर सहज. म्हणजे नवऱ्याचा वर्षाचा पगार तुमच्या पदवीत.

माझ्या जाऊबाई फिजिओथेरपिस्ट. ठाण्यात लोक त्यांच्या वेळेसाठी ताटकळायचे. तिकडे लायसन्सचे कागद पुरे होईपर्यंत त्या एका दुकानात कपड्यांच्या घड्या घालत होत्या. घड्या घालण्यात कमीपणा नाही, त्याही तेच म्हणतात. पण रात्री फोनवर त्या पेशंटांची नावं घेऊन घेऊन विचारायच्या, अमक्यांचा गुडघा कसा आहे, तमक्या चालायला लागल्या का. ते मी ऐकलंय. तुमच्या यजमानांनी पगाराचा आकडा मोजला, तुमच्या दवाखान्याचा मोजला का?

दाढदुखी
निमाताई, बीडीएस चालत नाही हे ऐकून होते, पण इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. आकडा मोजला नाही. नवऱ्याचं म्हणणं, "तू जरा आराम कर, इतकी वर्षं राबलीस." तो प्रेमाने म्हणतो हे खरं आहे. पण खुर्चीवर पेशंट, तोंडात आरसा, बाहेर दोघे थांबलेत, हा माझा आरामच आहे हे त्याला कसं समजवायचं ते कळत नाही.

झणझणीत
+१००. आणि पेशंटला तोंड उघडं ठेवून प्रश्न विचारायचा आनंद तिथे कुठून मिळणार?

मी_मराठी_४४
शिकायचं इथल्या पैशावर, सेवा करायची गोऱ्यांची. जा जा. मागे वळून बघू नका.

व्यवस्थापक
मी_मराठी_४४, वैयक्तिक शेरेबाजी नको. विषयावर लिहा.

कासारवडवलीचा_कैदी
गोऱ्यांचे दात काढायला त्या चालल्याच नाहीयेत हो, लायसन्सच नाही म्हणतायत ना वर. आधी धागा वाचा, मग देशभक्ती करा.

नकाशावाला
बेलापूरला राहतो, नगररचना हा पोटापाण्याचा विषय. बोल्डर इतकं महाग का, याचं उत्तर फार रंजक आहे, म्हणून थोडं अवांतर.

ते गाव महाग झालं नाही, ते गावाने ठरवून महाग केलं. १९५९ मध्ये तिथल्या लोकांनी मत देऊन डोंगरउतारावर एक रेघ मारली, ५७५० फुटांची. तिच्या वर नगरपालिकेने पाणी द्यायचं नाही. पाणी नाही म्हणजे इमारत नाही, डोंगर वाचला. मग १९६७ मध्ये स्वतःवर विक्रीकर लावून घेतला आणि त्या पैशातून गावाभोवतालची मोकळी जमीन विकत घ्यायला सुरुवात केली. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. आज अशी ४५ हजार एकरांहून जास्त जमीन गावाकडे आहे. १९७१ मध्ये इमारतींना ५५ फुटांची मर्यादा. गावाची वस्ती लाखभर, दरवर्षी शिकायला-शिकवायला येणारे हजारो, आणि नवीन घर बांधायला जागाच नाही. मग भाडं काय होणार?

मला तर हेवा वाटतो. आपण येऊरच्या पायथ्याला, पारसिकच्या डोंगराला अशी एक रेघ मारली असती तर? रेघ आपल्याकडेही आहेच म्हणा, राष्ट्रीय उद्यानाभोवतीचं संवेदनशील क्षेत्र २०१६ मध्ये जाहीर झालं. पण आपली रेघ कागदावर असते आणि टँकर तिच्या वरपर्यंत जातो.

कळव्याचा_कोलोराडोत
नकाशावाला, हेवा करायच्या आधी सकाळी सात वाजता लाँगमाँटहून बोल्डरला जाणारा रस्ता बघा. गावातल्या शाळेचे शिक्षक, नर्सा, हॉटेलात भांडी घासणारे, बसचे चालक, सगळे बाहेरून येतात. डोंगर कुणासाठी वाचवला? ज्यांनी आधी घरं घेतली त्यांच्यासाठी. त्यांच्या खिडकीतून डोंगर छान दिसतो आणि घराची किंमत फुकटात वाढते.

नकाशावाला
मान्य, पण डोंगर वाचला ना? आपल्याकडे डोंगरही गेला आणि परवडणारं घरही मिळालं नाही. कासारवडवलीत दोन बेडरूमला काय भाव चाललाय? घरकाम करणाऱ्या बायका तिथेही लांबूनच येतात, दिव्याहून, टिटवाळ्याहून. म्हणजे बोल्डरचा तोटा आपल्या पदरात आहे, फायदा नाही.

कळव्याचा_कोलोराडोत
हा मुद्दा बिनतोड आहे. फक्त दाढदुखींच्या लक्षात यावं म्हणून लिहिलं, की तुम्ही तिथे गेलात तर टिटवाळ्याहून येणाऱ्यांच्या गटात असाल, खिडकीवाल्यांच्या नाही.

पापडकतरण
वरची चर्चा थांबवून एक शेंगदाणा टाकतो. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये ढाक्यात बसून जे गणित मांडलं आणि आइन्स्टाइनने पुढे नेलं, ती बोस-आइन्स्टाइन अवस्था प्रयोगशाळेत पहिल्यांदा प्रत्यक्ष दिसली ती याच बोल्डरमध्ये, १९९५ साली. परम शून्याच्या किंचित वर, अणू इतके गार केले की सगळे एकसारखे वागू लागले. २००१ चं नोबेल त्यावर मिळालं. थंडीचा विषय निघालाच आहे तर म्हटलं, बोल्डरात त्याहून गार काही होऊ शकत नाही.

तलावपाळी
अणू एकसारखे वागतात म्हणजे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेसाठी हा प्रयोग करून बघायला हरकत नाही.

पापडकतरण
कोरम गोठेल.

उपवनची_आजी
मी वयाने सत्तरीच्या पुढे. मुलगा न्यू जर्सीला आहे, चार-सहा महिने जाऊन येते अधूनमधून. धागा सगळा वाचला. सुनेने दवाखान्याचा विचार केला, मुलाने पगाराचा, लेकीने बिबट्याचा. सासूबाईंना दमा आहे एवढंच त्यांच्याबद्दल कळलं. त्यांना कुणी विचारलं का, की तुम्हाला यायचंय का?

आणि यायचं असेल तर नीट ऐका. पाहुण्याच्या व्हिसावर साधारण सहा महिने राहता येतं. तिथे आम्हाला जो विमा काढून देतात तो आधीपासूनच्या दुखण्याला बहुधा लागू होत नाही. म्हणजे दम्याचा झटका आला आणि इस्पितळात नेलं तर मुलाचा पगार गेला. मी म्हणून औषधं सहा महिन्यांची, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, बरोबर नेते आणि दुखणं आलं तरी दोन दिवस कुणाला सांगत नाही. हे शहाणपण नाही, पण सगळ्या म्हाताऱ्या असंच करतात.

घरात कोंडून राहायचंही बघा. न्यू जर्सीत निदान देवळात भेटून बोलायला कुणी असतं. इथे उपवनला सकाळी फिरायला गेले की दहा जणी हाक मारतात.

दाढदुखी
आजी, तुम्ही म्हणालात म्हणून काल नौपाड्याला जाऊन सरळ विचारलं. सासूबाई गवार निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "मला तिकडे नेऊ नका. पण माझ्यामुळे अडलं असंही नातेवाइकांत सांगू नका." मग पुढे गवारच निवडत राहिल्या. सासरे म्हणाले, मी जाईन, मला बर्फ बघायचाय. त्यावर सासूबाईंनी मान वर केली.

उपवनची_आजी
शहाण्या आहेत हो तुमच्या सासूबाई. माझा नमस्कार सांगा.

श्वासोच्छ्वास
डॉक्टर आहे, पण इथे औषधोपचार सांगणार नाही, त्यांच्या छातीच्या डॉक्टरांशीच बोला. सर्वसाधारण एवढं की थंड, कोरडी हवा दम्याला त्रास देते, आणि त्या भागात उन्हाळ्याच्या शेवटी वणव्यांचा धूर कित्येक दिवस राहतो. सासऱ्यांना न्यायचं तर मे-जूनमध्ये न्या. पहिले दोन दिवस दमवू नका, पाणी भरपूर, आणि पहिल्याच आठवड्यात उत्साहाने वरच्या घाटात नेऊ नका. तिथल्या मोटारीच्या रस्त्यानेसुद्धा माणूस साडेतीन हजार मीटरच्या वर जातो.

निफाडकर_ठाणेवासी
लहानपणी निफाडला द्राक्षाच्या पानावर दव गोठलेलं पाहिलंय. तेव्हा आम्ही शेकोटीपुढे बसून अमेरिकेच्या गप्पा मारायचो. एवढंच योगदान.

हिशेबनीस
मूळ प्रश्नाकडे येऊ. दाढदुखी, ए की बी?

दाढदुखी
बी. विचारल्यावर नवरा थोडा गप्प झाला, कारण त्याच्या डोक्यात कायमचं तिकडे स्थिरावायचं होतं. मग रात्री उशिरापर्यंत आमचं पहिल्यांदा खरं बोलणं झालं. तोपर्यंत दोघेही एकमेकांना व्हिडिओच पाठवत होतो.

हिशेबनीस
बी म्हणजे कमाल पाच वर्षं, हे धरून चला. पुढे एच-१बीला जाऊ म्हणत असतील तर लॉटरी आहे, आणि सप्टेंबर २०२५ पासून देशाबाहेरच्या माणसासाठी नवा अर्ज करायचा तर कंपनीला एक लाख डॉलरचं शुल्क आहे. मुलगी आज बारा वर्षांची. पाच वर्षांनी सतरा, म्हणजे बरोबर बारावीच्या तोंडावर परत. तिथल्या अभ्यासक्रमातून इथल्या प्रवेशपरीक्षांना बसवायची की तिथेच कॉलेजला ठेवायची, हा प्रश्न आत्ताच लिहून ठेवा.

चहा_कमी_साखर
हा मुद्दा मात्र लाखमोलाचा. दोन वर्षांसाठी जा आणि आठवीत-नववीत परत आणा, हे जमतं. अकरावीत आणणं जमत नाही, आमच्या सोसायटीत दोन घरांत बघितलंय.

नेरूळची_निमा
किंवा उलट करा. त्यांना एकट्याला पुढे जाऊ द्या. एल-२ मागाहून काढता येतो. सहा महिने त्यांनी स्वतःचं जेवण, स्वतःचे कपडे, दारापुढचा बर्फ, सगळं एकट्याने केलं की "तू आराम कर" या वाक्याचा अर्थ त्यांना नव्याने कळेल.

कळव्याचा_कोलोराडोत
दारापुढचा बर्फ हा विनोद नाही. बोल्डरमध्ये बर्फ पडायचा थांबल्यापासून चोवीस तासांच्या आत घरासमोरचा पदपथ साफ करावा लागतो, नाहीतर दंड. फ्लॅट असेल तर ते काम मालकाकडे. एकटे येणार असतील तर फ्लॅटच घ्या. बसही चांगल्या आहेत, डेन्व्हर आणि विमानतळ दोन्हीकडे थेट बस जाते. एकट्या माणसाला पहिला हिवाळा गाडीशिवाय काढता येतो. बर्फातली गाडी शिकायची घाई नको, चकचकीत दिसत नाही पण निसरडा असतो असा काळा बर्फ सकाळी पुलांवर धरतो.

दाढदुखी
मंडळी, काल रात्री एवढं ठरलंय. कंपनीला त्याने दोन वर्षांचीच मुदत मागायची, आणि तो आधी एकटा जाणार. मी आणि लेक पुढच्या मे महिन्यात सुट्टीत सासऱ्यांना घेऊन जाऊन बघून येणार, तेव्हा त्यांना बर्फाचं शेपूट तरी मिळेल. दवाखाना बंद करायचा नाही. माझ्याकडे काम करणारी एक ज्युनियर डॉक्टर आहे, ती संध्याकाळची वेळ घेईल का ते विचारलंय. मग सगळ्यांनी जायचं की नाही ते पुढे. कंपनी दोन वर्षांना हो म्हणते का यावर सगळं आहे. नाही म्हणाली तर पुन्हा इथेच येईन डोकं खायला.

निमाताई, हिशेबनीस, आजी, सगळ्यांचे आभार. कोपरीच्या काकांचेसुद्धा.

कोपरीचा_काका
माझे कशाला? बरं, यजमान एकटे जाणार तर कुकर कोणता देताय?

पायवाट
तीन लिटरचा, जाड बुडाचा. एकट्याला पुरे.

कळव्याचा_कोलोराडोत
मिक्सर इथला देऊ नका, तिथे १२० व्होल्ट आहे, आपला नुसता घुरघुरतो. ठाण्यात ११० व्होल्टचे मिक्सर मिळतात, तो घ्या. आणि कुकरच्या जास्तीच्या गॅस्केट द्या, कोरड्या हवेत त्या लवकर कडक होतात आणि शिट्टी व्हायच्या आधीच कडेने वाफ जायला लागते. आमच्याकडे आत्ता तेच चाललंय. जास्तीच्या असतील तर दोन माझ्यासाठीही, पाच लिटरच्या. पैसे पोचवतो.